सोडलेली पानं

पोथीची पानं सुटी असतात. शिवलेली नाहीत, चिकटवलेली नाहीत. वाचून झालेलं पान उचलायचं, पालथं करून डावीकडं ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. ही सोय ज्यानं कुणी केली, त्याला माझ्यासारखी पोरगी कधी भेटली नसावी. कारण एक पान जसं उचलता येतं, तशी चारही उचलता येतात. आणि चार पालथी केली की चारही वाचलेलीच दिसतात.

हा शोध मी सोळाव्या वर्षी लावला आणि स्वतःच्या अकलेवर इतकी खूष झाले, की महिनाभर जमिनीवर पाय नव्हता.

परवा नात कॉलेजातून आली ती धापा टाकतच. ‘आजी, जुन्या ग्रंथांतली नीतिमूल्यं आजच्या तरुणांच्या उपयोगाची आहेत की नाहीत? बाजूनं बोलू की विरोधात? लवकर सांग, उद्या स्पर्धा आहे.’

मी म्हटलं, ‘विरोधात बोल. सोपं असतं. मी बोललेय. त्याला ग्रंथ वाचावासुद्धा लागत नाही.’

तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा मी करतच होते, पण तिची नव्हे. ती निघून गेली आणि मी एकटीच हसत बसले. शेवटी वही ओढली. हे लिहून ठेवलंच पाहिजे.

तेव्हा आम्ही मुरूमला राहायचो. बाबा कचेरीत कारकून. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. राज्य गेलं, कारभार मराठीत आला, आणि चाळिशीच्या माणसाला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागली. उर्दू ते पाण्यासारखं लिहायचे. मराठी मात्र एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचायचे. गल्लीतल्या बायकांना तर कुठलंच अक्षर येत नव्हतं. मी सातवी पास! आमच्या आळीत मराठी घडाघडा वाचणारी पहिली पोरगी. आता कल्पना करा, माझं नाक किती वर असेल.

मला मास्तरीण व्हायचं होतं. मुलांना शिकवायची फार हौस होती, असा समज करून घेऊ नका. उमरग्याच्या मोटार अड्ड्यावर मी एक शिक्षिका पाहिली होती. हातात काळी छत्री, मनगटावर घड्याळ, आणि ती चालत आली की विड्या ओढणारे बाप्ये बाजूला सरकायचे. बस, मला तेवढंच पाहिजे होतं. बाप्ये बाजूला सरकले पाहिजेत.

जिल्ह्याच्या गावी, म्हणजे कागदावर उस्मानाबादला आणि आमच्या तोंडी धाराशिवला, मुलींसाठी अध्यापनाचे वर्ग होते. बाबांनी फॉर्म आणला. पण तो खिशातून बाहेर काढीनात.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. अधिक महिन्यात थोरल्या काकूंच्या ओसरीवर पोथी लागायची. थोरल्या काकू म्हणजे आमच्या शेजारच्या. चार बैलजोड्यांचं घर, पण काकूंचा आवाज त्याहून मोठा. दर वेळी वाचणारे पुराणिकबुवा मोतीबिंदूसाठी सोलापूरला गेलेले. काकू थेट बाबांकडं आल्या.

‘तुमची पोरगी वाचती का?’

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यांनी खिशातला फॉर्म काढून मला लांबूनच दाखवला.

‘पोथी तडीला ने. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. नेलीस तर समाप्तीच्या दिवशी मी यावर सही करतो, हा माझा शब्द. अन् न्हाई जमलं, तर येणेगूरच्या माणसांना मार्गशीर्षातली तारीख कळवतो. एका पुस्तकापुढं महिनाभर बसवत न्हाई, ती चाळीस पोरांपुढं जन्मभर काय बसणार?’

येणेगूरची माणसं मला पाहून गेली होती. मुलगा बरा होता, पण त्याच्या आईनं माझ्या हाताची बोटं दाबून पाहिली होती, भेंडी घेताना पाहतात तशी.

‘नेते की तडीला!’ मी म्हटलं. छत्री माझ्या हातात आलीच होती.

पहिले चार दिवस मी इमानानं वाचलं. ज्येष्ठाचा उन्हाळा, दुपारची वेळ, चौरंगावर पोथी, पाटावर मी. समोर तीस-चाळीस बायका कापसाच्या वाती वळत बसलेल्या. ओव्या वाचायच्या आणि अर्थही मीच सांगायचा. पाय मुंगायचे. तेवढ्यात गावात नवं वाचनालय निघालं आणि तिथून एक रहस्यकथा माझ्या हाती लागली. एका दिवसात परत करायची! खून झालेला, खुनी सापडायचा होता, आणि मी इथं हरिणीच्या डोळ्यांच्या वर्णनात अडकलेली. रहस्यकथेतला एक शब्द मी सोडला नाही. हरिणीची मात्र तीन पानं एकदम उचलली.

वर पाहिलं. वाती वळणारे सगळे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले. मला वाटलं, पेंगतायत बिचाऱ्या.

मग काय विचारता! रोज तीन, कधी पाच. झाडांची वर्णनं गेली, नद्या गेल्या, उपदेश तर कधीच गेला. अध्याय अर्ध्या वेळात संपायचा. बायका हात जोडायच्या, मी घरी पळायचे.

गोष्ट अशी होती. राजा एका ऋषीला शब्द देतो, मागशील ते देईन. ऋषी म्हणतो, तुझी राणी दे, बारा वर्षं माझ्या आश्रमात पाणी भरायला. राजा शब्दाला जागतो. राणी घागर उचलते आणि नदीकडं चालू लागते. सातव्या अध्यायात नदीकाठचं वर्णन सुरू झालं. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ. मी म्हटलं, गेलं हे सगळं, आणि एकदम सात पानं उचलली. पुढच्या पानावर राणी आश्रमात पोचलेलीच होती.

आणि मग माझ्या अंगात आलं. पोथी मिटून मी सरळ भाषणच ठोकलं.

‘बघा! शब्द दिला राजानं आणि पाणी भरायचं कुणी? राणीनं! तिला कुणी विचारलं? आणि ही राणी तरी कसली, तोंडातून एक अक्षर काढत नाही! तोंडाला काय कुलूप होतं? असल्या पोथ्या आता माळ्यावर टाकायला पाहिजेत. आता बायकांना मत द्यायला मिळतं. हे जुनं आम्हां नव्या पोरींच्या काय कामाचं?’

काकूंची धाकटी सून वाती टाकून माझ्याकडं बघत राहिली. ती माझ्याहून वर्षभरानंच मोठी होती. मागून भाजीवाल्या अक्कांनी विचारलं. अक्का घरात कानडी बोलायच्या, आमच्याशी त्यांच्या तऱ्हेचं मराठी.

‘मग राणीनं काय करायचं होतं, यव्वा?’

‘राजाला जाब विचारायचा होता!’ मी चौरंगावर हात आपटला.

अक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आणखी दोघी-तिघींनीही तसंच केलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. माझ्या शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख उफाळून आलं! मी त्या दिवशी घरी गेले ती चार अंगुळं उंच होऊन.

दुसऱ्या दिवशी दुप्पट बायका. ‘ते राणीचं परत सांग गं,’ कुणीतरी म्हणालं, ‘ह्या माझ्या नणंदेनं ऐकलं न्हाय.’ मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुरळी गावाहून कुणाच्या तरी मावश्या आल्या, खास ऐकायला. पुन्हा सांगितलं. हात आपटून, केस मागं टाकून. पुन्हा पदराचे बोळे. मी रात्री अंथरुणात विचार करायचे, मास्तरीण कशाला, आपण मंत्रीच व्हावं!

समाप्तीचा दिवस उजाडला. ओसरीभर माणसं. दाराशी तोरण, परातीत तेहतीस अनारशांचं वाण, आणि वाटायचे वेगळे. पोरांच्या नजरा त्या परातीवर चिकटलेल्या. बाबा आले, कोपऱ्यात बसले. सदऱ्याच्या खिशात फॉर्मची घडी दिसत होती. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. मी शेवटचा अध्याय वाचला. शेवटी सगळे सुखीच होणार म्हणून त्यातलीही दोन पानं पालथी घातली, आणि पोथीला हळदकुंकू वाहिलं.

‘झाली का पुरी?’ काकूंनी विचारलं.

‘झाली.’

‘मग पाटावरनं उतर.’

मी उतरले. तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. आमच्याकडं रीत अशी, की पोथीच्या पाटावर बसलेल्याला टोकायचं नाही. काही चुकलं तरी ऐकून घ्यायचं. पाटावर बसलेला माणूस त्या वेळेपुरता माणूस नसतोच. पण पाटावरून उतरलेली मी म्हणजे शेजारच्या कारकुनाची पोरगी, बाकी कुणी नाही.

‘आता सांग,’ काकू म्हणाल्या, ‘नदीवर राणी काय बोलली?’

‘काही नाही बोलली. तीच तर माझी तक्रार आहे.’

आणि ओसरी फुटली! इतके दिवस पदरात कोंबलेलं हसू एकदम बाहेर आलं. कुणी मांडीवर थापा मारतंय, कुणी डोळे पुसतंय. धाकटी सून तर खांबाला धरून हसत होती. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

‘अगं पोरी,’ काकू म्हणाल्या, ‘नदीवर राणी जेवढं बोलती तेवढं साऱ्या पोथीत कुणी बोलत न्हाय. अक्का, म्हणा.’

अक्का उठल्या. कानडी वळणाची जीभ, अक्षराची ओळख नाही. डोळे मिटून त्यांनी सूर लावला आणि ओवीवर ओवी म्हणत गेल्या. नदीवर राणीचा भाऊ पालखी घेऊन येतो, म्हणतो, चल घरी, शब्द तू दिला नाहीस. राणी म्हणते, त्यानं दिला तो त्याचा शब्द, मी उचलली ती माझी घागर. मला कुणी धाडलं नाही, माझी मी निघाले, कारण त्याचा शब्द खोटा पडला तर माझ्या राज्यातल्या कुणाच्याच शब्दाला किंमत उरणार नाही. पण बारा वर्षं भरली की मी थेट आत जाणार नाही. दारात उभी राहीन. आणि विचारीन, राजा, पुढच्या वेळी माझ्या जिवावर शब्द देताना मला आधी विचारशील का? तो काय म्हणेल त्यावर ठरवीन, उंबरा ओलांडायचा की नाही.

मी ऐकत राहिले. पंधरा दिवस हात आपटून मी जे म्हणत होते, ते राणी आधीच म्हणून बसली होती. आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

‘माझ्या थोरलीचं लगीन मालक मला न इचारता ठरवून आले,’ काकू सांगू लागल्या. मालक समोरच बसले होते, खाली बघत. ‘तवा म्या हीच ओवी म्हणली, चुलीपुढं. एकच येळ. पुन्हा ह्या घरात मला इचारल्याबिगर काय झालं न्हाय. आन तू म्हणती माळ्यावर टाका!’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’ मी रडकुंडीला आले. ‘पंधरा दिवस!’

‘पाटावर व्हतीस की! आन खरं सांगू? लई मजा यायची.’

तेवढ्यात बाबा उठले. हसणं थांबलं. बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. रागावलेला नव्हता, तेच वाईट होतं. त्यांनी खिशावर हात ठेवला.

‘किती पानं सोडलीस?’

‘मोजली नाहीत.’

‘कुठली कुठली?’

‘ध्यानात नाही.’

‘मग पोथी पुरी झाली न्हाई,’ बाबा म्हणाले आणि चपला घालायला वळले. मार्गशीर्ष माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. भेंडी दाबणारी ती बोटंसुद्धा.

मी ओरडले, ‘बाबा, थांबा! अजून दिवस मावळला नाही!’

‘व्हय की,’ काकू उभ्याच राहिल्या. ‘आत्ताशी सूर्य माथ्यावर आलाय. समाप्ती आजची, आज म्हंजे दिवस मावळेस्तोवर. आरती थांबवा! अनारसे झाका!’ पोरांनी एकच गलका केला. ‘आन ध्यानात न्हाय म्हणती? आमच्या हाय. बस पाटावर!’

आणि मग जे सुरू झालं, तसं वाचन मी पुन्हा कधी केलं नाही.

‘तिसऱ्यातली हरीण ऱ्हायली!’

‘पाचव्यातला चांभार ऱ्हायला, त्यो राजाला ऐकवतो त्यो!’

‘अगं त्याच्या आधी म्हातारीची झोपडी!’

‘सातव्यातली झाडं! म्या सांगते, उंबरापासनं सोडलं तिनं!’

एका अक्षराचीही ओळख नसलेल्या बायका मला पानन्‌पान सांगत होत्या. महिनाभर ज्या ज्या ठिकाणी वाती वळणारे हात थांबले होते, ती प्रत्येक जागा त्यांच्या ध्यानात होती! धाकटी सून माझ्या शेजारी येऊन बसली आणि पान उचलायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं. एक उचलायची, दोन बोटांत चोळून बघायची, एकच आहे ना, आणि मगच पालथं घालायची. माझ्यावर विश्वास कुणाचाच नव्हता!

मी वाचत सुटले. हरिणीची पानं वाचली. ती राजाच्या बाणापुढं उभी राहून पाडसाचा हिशेब मागते, हे मला ठाऊकच नव्हतं. चांभार वाचला. झाडं वाचली, आणि त्या झाडांखालीच तर राणी बसली होती, विचार करत, उठावं की परतावं. झाडं सोडली म्हणजे तिचा विचारच सोडला होता मी! मध्येच मी थांबून म्हटलं, ‘अगं बाई, ही किती हुशार आहे!’ तर अक्का म्हणाल्या, ‘वाच, वाच, आमाला ठावं हाय.’

कुणी सुंठेचं पाणी आणलं, कुणी गूळ दिला. बाबा चपला काढून पुन्हा कोपऱ्यात बसले होते. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं, मग अंगणात, मग भिंतीवर चढलं. माझा घसा आधी खरखरला, मग फाटला. शेवटच्या अध्यायातली दोन पानं उरली, राणी दारात येऊन उभी राहते ती, तेव्हा आवाजच निघेना. मी कुजबुजत वाचलं. सगळ्या बायका गुडघ्यांवर पुढं सरकल्या, अगदी चौरंगाला चिकटून. त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होता, तरी श्वास रोखून ऐकत होत्या.

शेवटचं पान पालथं पडलं आणि आरतीची घंटा वाजली. पोरं परातीवर तुटून पडली.

बाबांनी तिथंच, चौरंगाच्या कडेवर कागद ठेवून सही केली. ‘माझा शब्द होता, पोथी पुरी झाली तर. झाली. पण तू वाचलीस असं म्हणू नको. ह्यांनी वाचून घेतली.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही धाराशिवला. माझ्या घशातून हवा सोडून काही येत नव्हतं. कचेरीत मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी अर्ज पाहिला आणि एक पुस्तक पुढं सरकवलं.

‘वाचून दाखव.’

मी तोंड उघडलं. नुसती फुस्स! बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

‘त्याचं असं झालं बाई,’ बाबा घाईनं पुढं झाले, ‘हिला शिकायची लई हौस. हिचं म्हणणं असं की…’

मी त्यांचा सदरा धरला. जरा मागं ओढलं. टेबलावरच्या टाकाकडं बोट दाखवलं. बाईंनी कागद दिला आणि बाबांना म्हणाल्या, ‘तुम्ही बाहेर बसा.’

मी सगळं लिहिलं. चोरलेली पानं, भाषण, पदराचे बोळे. न वाचता नावं ठेवली हेही. छत्रीचं तेवढं लिहिलं नाही. बाई वाचत होत्या आणि त्यांच्या ओठांची कड हलत होती. शेवटी त्यांनी विचारलं, ‘आता सांग, जुन्या पोथ्या माळ्यावर टाकायच्या?’

मी लिहिलं, ‘आधी वाचायच्या. मग भांडायचं. राणीही भांडली.’

त्यांनी वहीत माझं नाव घातलं. म्हणाल्या, ‘आवाज परत आला की ये.’

मी बाहेर आले, हात उंचावला. बाबांना कळलं! त्यांनी मला अड्ड्याजवळच्या हॉटेलात नेलं, चहा मागवला आणि शेजारच्या बाकावरच्या माणसांना सांगायला सुरुवात केली, पोरगी मास्तरीण होणार, कशी झाली ऐका. तीन कॉलेजातली पोरं होती, दोन ड्रायव्हर, एक बांगड्यांची टोपली घेतलेला कासार. बाबांनी राणीची गोष्ट मनाला येईल तशी सांगितली. राणीच्या हातात त्यांनी तलवारही दिली! मी टेबलावर बोटं आपटत होते, पण मला आवाज कुठला! राणी दारात आली, प्रश्न विचारला, आणि बाबा तिथंच अडकले. शेवटचं माझं कुजबुजणं कोपऱ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

‘मग? राजा काय म्हणाला?’ कॉलेजातल्या पोरानं विचारलं. त्याच्या हातातली बशी अर्ध्यावरच थांबली होती.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलाच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. बाबा वाकून, एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागले:

‘तो… काही… म्हणाला नाही. त्यानं तिच्या डोक्यावरची घागर उतरवली… आणि… आपल्या डोक्यावर घेतली.’

बाहेर कंडक्टरनं मोटारीचा भोंगा दोनदा वाजवला. दोन्ही ड्रायव्हर आतच बसले होते, पण त्यांच्यासकट कुणी जागचं उठेना.